बिऱ्हाड आणि बतावणी

मूकपट मागे पडून चित्रे बोलू लागली, तेव्हा आपल्या मंडळींनी त्यांना ‘बोलपट’ असे मोठे सुटसुटीत नाव दिले होते. पुढे ‘चित्रपट’ हा भारदस्त शब्द रुळला आणि बोलपट जुन्या जाहिरातींत राहिला. मला मात्र एका चित्राच्या बाबतीत तो जुना शब्दच वापरावासा वाटतो. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा अस्सल बोलपट आहे. त्यातले चित्र क्षणभर बंद केले आणि नुसता आवाज चालू ठेवला, तरी घरातली माणसे हसायची थांबत नाहीत. स्वयंपाकघरात चकल्या तळणारी बाई झारा हातात धरून पुढचे वाक्य आधीच म्हणून टाकते, हे तर घरोघरचे दृश्य आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी रिवाज म्हणून दोन ओळी सांगतो. पुण्यात चार तरुण. धनंजय माने (अशोक सराफ) हा सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत नोकरीला. त्याचा धाकटा भाऊ शंतनू (सिद्धार्थ रे) वैद्यकीचा विद्यार्थी. सुधीर (सचिन) गाण्याच्या नादी लागलेला. आणि परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) नाटकवेडा. विश्वास सरपोतदार नामक घरमालक (सुधीर जोशी) त्यांना बाहेर काढतो. दुसरे घर मिळते ते लीलाबाई काळभोर (नयनतारा) यांचे. पण त्यांची अट अशी, की बिऱ्हाडकरू हवेत ते जोडपीच. तेव्हा सुधीरची सुधा होते, परश्याची पार्वती होते, आणि दोन जोडपी लीलाबाईंच्या घरात पाऊल टाकतात.

या चौघांना पुष्कळ जण ‘उनाड मित्र’ म्हणतात. मला ते पटत नाही. उनाड तो, ज्याला कुठे जायचे ते ठाऊक नसते. या चौघांना कुठे जायचे ते चांगले ठाऊक आहे; रात्री परत कुठे यायचे एवढेच ठाऊक नाही. उनाडकी वाटते ती छप्पर नसल्याची. हा भेद ध्यानात घेतला की त्या विनोदाखालची जमीन दिसू लागते.

या गोष्टीचा जन्म पुण्यात झालेला नाही. १९५५ साली बंगालीत ‘जय माँ काली बोर्डिंग’ नावाचे चित्र आले; त्यात भानू बंदोपाध्याय हे त्या प्रांताचे लाडके विनोदी नट होते. त्यावरून हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली हिंदीत ‘बीवी और मकान’ काढले. निर्मिती व संगीत हेमंतकुमारांचे. नटांत विश्वजीत, मेहमूद आणि केश्तो मुखर्जी. त्यानंतर बावीस वर्षांनी मराठी चित्र. पुढे तेलुगूत १९९१ साली, कन्नडमध्ये २००३ साली, हिंदीत पुन्हा २००९ साली आणि पंजाबीत २०१४ साली हीच गोष्ट वेगवेगळी लुगडी नेसून आली. कलकत्ता, मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर; जिथे जिथे शहर वाढले आणि खोल्या कमी पडल्या, तिथे तिथे ही गोष्ट हजर. एखाद्या अभ्यासकाने भारतातल्या घरटंचाईचा इतिहास नुसत्या या चित्रांवरून मांडला तरी चालेल.

मग इतक्या भावंडांत मराठीच एवढे चिरंजीव का झाले? माझे उत्तर एका नावात आहे : वसंत सबनीस. पटकथा-संवाद त्यांचे. दिग्दर्शक सचिन तरुण, नट तरुण. पण त्यांच्या तोंडी शब्द घालणारा माणूस तेव्हा पासष्टीच्या उंबरठ्यावर होता. हे ते सबनीस, ज्यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ पासून दादा कोंडक्यांनी गाजवले. त्या लोकनाट्याचे मूळ नाव ‘छपरी पलंगाचा वग’. म्हणजे सबनीसांनी लेखणी परजली ती तमाशाच्या दगडावर, आणि त्यातही बतावणीवर. बतावणी म्हणजे वगाच्या आधी सोंगाड्याने घातलेला सवाल-जबाबांचा धुडगूस. एकाने सरळ विचारायचे, दुसऱ्याने शब्दाचे शेपूट पकडून भलतीकडे पळायचे. पहिल्याने ओढून आणायचे, तोवर तिसऱ्याने आणखी एक शेपूट पकडायचे. कथानक पुढे सरकते की नाही याची कोणालाच घाई नसते.

‘बनवाबनवी’तले गाजलेले प्रसंग काढून पाहा, तिथे नेमके हेच आहे. रात्री-अपरात्री सरपोतदारांच्या दारात ‘धनंजय माने इथंच राहतात का?’ ही चौकशी. प्रश्न अगदी साधा आहे, टपालवाला रोज विचारतो तसा. पण तो भलत्या वेळी, भलत्या माणसाला, फिरून फिरून विचारला की त्याचा सोंगाड्या होतो. किंवा ते सत्तर रुपये. मराठीत माणसे वारतात; थोरामोठ्यांसाठी राखून ठेवलेले ते अदबीचे क्रियापद आहे. रुपये बुडतात, जातात, फार तर गिळले जातात. ‘रुपये वारले’ म्हटल्याबरोबर सरपोतदारांना पैसेही मागता येईनात आणि सुतकही पाळता येईना, अशी त्यांची गत होते. ही कोटी दुसऱ्या भाषेत नेऊन दाखवावी! आणि तो लिंबू रंगाच्या साडीचा प्रसंग; कारखान्यातल्या मालकीणबाई (अश्विनी भावे) गंभीर आणि माने त्याहून गंभीर. बंगालीतून आणि हिंदीतून सबनीसांनी घेतले ते घराचे वासे. त्यात राहायला आलेली भाषा मराठी तमाशाची होती.

आता मी हे भंडाऱ्याच्या बाजूने का पाहतो ते सांगतो. वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा, भाताच्या बांध्यांचा आणि तलावांचा हा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळे झाले, तोवर भंडारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. पण जिल्ह्याची हद्द बदलली म्हणून झाडीची हद्द बदलत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत ती एकच आहे. दिवाळीला उर्वरित महाराष्ट्र फराळाला बसतो, तेव्हा झाडीतली माणसे मंडईच्या तयारीला लागतात. भाऊबीजेच्या आसपासपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. पुढे थंडीत शंकरपट आणि पुन्हा नाटके. पडदा नऊ-दहाला वर जातो आणि लोक घोंगड्या झटकून उठतात ते उजाडल्यावर. त्या रात्रीच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, आणि गर्दीत कोणाची मुलगी कोणी पाहून ठेवतो. कित्येक लग्ने नाटकाच्या तिसऱ्या अंकात ठरली आहेत, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात.

दंडारीत आणि खडी गंमतीत बाई पुरुषच होतो. खडी गंमत उभ्याने चालते, म्हणून ती खडी. ढोलकी, डफ, चोनके, तुणतुणे, शाहीर, आणि मध्ये लुगडे नेसलेला नाच्या. या मुलखाला पुरुषाने पदर घेणे हा चमत्कार वाटत नाही, तो एक हुन्नर आहे. शेजारच्या सुताराने रंधा चालवावा तसा. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या साकोलीकडच्या अभ्यासकाने दंडारीवर आणि झाडीबोलीवर उभे आयुष्य वेचले, तेव्हा कुठे छापील अक्षरांच्या जगाला त्या हुन्नराचा पत्ता लागला.

मी ‘बनवाबनवी’ पहिल्यांदा पाहिला तो साकोलीच्या बाजूच्या एका खेड्यात. त्या दिवसांत रंगीत दूरदर्शनसंच आणि व्हिडिओ भाड्याने आणून, वर्गणी काढून रात्रभर तीन-चार चित्रे पाहण्याची टूम होती. चौकात बाजेवर संच, पुढे पोरेसोरे, मागे बाया, आणि अगदी कडेला भिंतीला पाठ लावून म्हातारे. पार्वती पडद्यावर आली तशी पोरे लोळू लागली. माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. तरुणपणी तो खडी गंमतीत नाच्या होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होते; वय झाले तरी हात हलवण्याची लकब गेली नव्हती. तो हसत नव्हता. डोळे बारीक करून तो काम पाहत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “पदर चांगला सावरते जी. पन चाल गड्याचीच हाये.” मग थोडे थांबून, लक्ष्मीकांतची फार गैरसोय होऊ नये अशा बेताने म्हणाला, “त्याले तसाच दाखवाचा असन.”

या एका वाक्यात मला चांगली चित्रपरीक्षा सापडली. नाच्याचा हुन्नर असा, की लोकांनी गडी विसरावा. पार्वतीचा विनोद असा, की लोकांनी गडी क्षणभरही विसरू नये. ब्रँडन टॉमस या इंग्रज नाटककाराने १८९२ साली चार्लीची मावशी रंगभूमीवर आणली. आचार्य अत्र्यांनी तिला मराठी करून ‘मोरूची मावशी’ केले. तिथेही तेच तत्त्व. बालगंधर्वांच्या भामिनीकडे पाहून ज्या बायकांनी लुगड्याची तऱ्हा उचलली त्यांना मावशीपासून काही उचलण्याजोगे नव्हते. सुधा आणि पार्वती यांत हा फरक एकाच चित्रात दिसतो : सचिनची सुधा नाच्याच्या वाटेने जाते, लक्ष्मीकांतची पार्वती मावशीच्या वाटेने. मला स्वतःला पार्वती अधिक आवडते. सुधा फारच सुरेख आहे; तिच्या बाबतीत धोका कमी वाटतो.

भाषेचीही एक गंमत सांगून टाकतो. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. ‘पाणी’ चे ‘पानी’ होते, ‘डोळा’ चा ‘डोरा’ होतो. ‘श’, ‘ष’ आणि ‘छ’ यांचाही ‘स’ करून टाकतात. त्यामुळे पुणेरी वाक्य आमच्या पोरांच्या तोंडी आले की त्याचा रंग पालटतो आणि पुण्याला गेलेल्या पोराला पहिल्या दिवशी वर्गात हसतात तेही यावरूनच. पण या बोलपटातली सर्वांत प्रसिद्ध तीन वाक्ये तपासून पाहा : मान्यांची चौकशी, सत्तर रुपयांचे निधन आणि ‘हा माझा बायको पार्वती’. तिन्हींत झाडीला नको असलेले एकही अक्षर नाही! सबनीसांनी हे योजून केले असेल असे मी मुळीच म्हणत नाही, योगायोगच तो. पण भंडाऱ्याचा मुलगा ती वाक्ये पुणेकराइतक्याच सफाईने म्हणू शकतो, आणि त्यावेळी त्याला कोणी हसले तर ते विनोदालाच हसतात, त्याला नव्हे.

त्या चौघांना घर का मिळत नव्हते? बऱ्याच जणांना वाटते, सरपोतदार खाष्ट म्हणून. त्यामागे कायदाही होता. मुंबई राज्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला; आमच्याकडे, भंडारा तेव्हा मध्यप्रांतात असल्याने, १९४९ चा वेगळा आदेश लागू होता. भाडे गोठले, भाडेकरूला संरक्षण मिळाले. युद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यकही होते. परंतु एकदा आत आलेला माणूस बाहेर काढता येत नाही, ही धास्ती घरमालकांच्या मनात घर करून बसली. मग दार उघडण्याआधीच माणूस पारखून घ्यायचा. नोकरी कोणती, गाव कोणते, लग्न झाले का. एकट्या तरुणाविषयीचा संशय पूर्वीही होता. आता त्याला व्यवहाराची जोड मिळाली. लीलाबाईंची ती अट म्हणजे निव्वळ विनोदी लेखकाची कल्पना नव्हे, ती अनेक फाटकांवर पाटी होऊन लटकत होती. आजही नागपुरात खोली शोधणाऱ्या भंडाऱ्याच्या मुलांना ‘फक्त कुटुंबासाठी’ ही पाटी वाचता येते.

त्याच १९८८ सालातली आणखी एक तारीख माझ्या डोक्यात या चित्राशेजारी येऊन बसते. २२ एप्रिल रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पाच महिन्यांनी पुण्यातल्या चार पोरांच्या बिऱ्हाडाची कथा पडद्यावर आली. धरणाला पुढे कित्येक वर्षे लागली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. आणि पाणी अडले तशी वैनगंगेकाठची गावे उठली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी कधी भाड्याची खोली पाहिली नव्हती, त्यांना नव्या गावठाणात आखलेल्या चौकोनांतला आपला चौकोन शोधावा लागला. तिथे सोंग घेऊन भागणार नव्हते. तिथे सातबारा लागत होता.

आणि सोंगाची गोष्ट निघालीच आहे, तर एक खरी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सणाच्या अंकात ती कशाला, असे कोणी म्हणेल. पण छपरासाठी केलेल्या बनवाबनवीचा इतिहास लिहायचा आणि ती वगळायची, हे मला जमणार नाही. १९१७ साली सव्वीस वर्षांचा एक तरुण अमेरिकेत व लंडनात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आला. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते. तो पारशांच्या एका धर्मशाळेवजा जागेत गेला. तिथे पारशी नसलेल्यास मज्जाव. तेव्हा तिथल्या रखवालदाराच्या संमतीने त्याने वहीत पारशी नाव लिहवले आणि माडीवर राहू लागला. दिवसा कचेरी, रात्री त्या ओसाड माडीवर मिणमिणत्या दिव्यात पुस्तक. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्याने कबूल केले. गावात दुसरे छप्पर मिळाले नाही. सार्वजनिक बागेत बसून त्याने वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. याच बाबासाहेबांनी १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि भंडाऱ्याने त्यांना पराभूत केले, हेही याच जिल्ह्याच्या इतिहासात नोंदलेले आहे.

सारे सामान तेच आहे : तरुण माणूस, परके शहर, घरमालकाची अट, घेतलेले सोंग, जिन्यावर वाजणारी पावले. लीलाबाईंच्या घरी सोंग उघडे पडते तेव्हा सारे गोड होते, कारण त्या चौघांनी लपवले होते ते फक्त आपले ब्रह्मचर्य. बडोद्याच्या माडीवर जे लपवावे लागले त्याला क्षमा नव्हती. लीलाबाईंनी लग्न झाले का एवढेच विचारले. आडनावावरून जे हळूच विचारले जाते ते विचारले नाही. खेडोपाडीच्या पुष्कळ मुलांना शहरात दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ येतात, आणि दुसऱ्या प्रश्नाला पार्वतीचे लुगडे पुरत नाही. सबनीसांनी तो प्रश्न कथेत आणला नाही म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. त्या प्रश्नाची बतावणी होत नाही, हे त्यांच्यातल्या मुरलेल्या लोकनाट्यकाराला कळत असावे. परंतु आमच्या चौकातल्या त्या रात्री सर्वांत मोठ्याने हसणाऱ्या पोरांत पुढे नागपूर-पुण्याला खोल्या शोधत हिंडलेले काही जण होते, आणि त्यातल्या दोघांनी मला नंतर निरनिराळ्या वेळी एकच सांगितले : सरपोतदार परवडले, ते निदान ओरडून बाहेर काढतात.

त्या बोलपटातली कितीतरी माणसे आता नाहीत. सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, सुधीर जोशी त्यानंतरच्या वर्षी, नयनतारा २०१४ साली. सबनीस त्या सर्वांआधी, २००२ साली. अशोक सराफांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावोगावच्या पोरांनी एकमेकांना भ्रमणध्वनीवर पहिले काय पाठवले असेल ते सांगायला नको. झाडीच्या रंगभूमीलाही मान मिळाला : गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दोन्ही पद्मश्रींत एक परशुराम आहे आणि एक परश्याचा मित्र, ही कोटी माझी. सबनीसांच्या पदरी बांधू नये.

वडशाच्या नाटकमंडळ्या आजही दिवाळीनंतर गावोगाव हिंडतात. स्त्रीभूमिका आता बायका करतात, ध्वनिक्षेपक दणदणीत असतात, नाटकांची नावे डोळ्यांत पाणी आणणारी असतात. पण मध्येच येऊन कथानक अडवून ठेवणारा विनोदी नट अजून तसाच आहे. लाखनीच्या पुढे एका गावी मी त्यांचे एक सामाजिक नाटक पाहिले. नायिकेचा बाप शेत गहाण टाकून कपाळाला हात लावून बसलेला, पेटीवर करुण सूर. एवढ्यात विंगेतून तो विनोदी नट आला, रंगवलेल्या दारावर त्याने टकटक केले आणि अगदी अदबीने धनंजय मान्यांची चौकशी केली. नाटकात माने नावाचे कोणी पात्र नव्हते. मंडप कोसळायचा राहिला. लोकांना वाटले, बाप आता हसून सोंग सोडणार. तो म्हातारा नट मुरलेला, मान वर न करता, त्याच रडव्या आवाजात म्हणाला, “राहत होते जी. भाडा थकला, मंग गेले.” आणि पेटीवाल्याने सूर जिथे सोडला होता तिथून पुढे धरला.